तीन विती आणि चार बोटं

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आमची तालीम चालते. दहा मुलं, सातवी ते अकरावीतली, आणि सात ज्येष्ठ. मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमाची. नववीतल्या एका मुलीनं तर सगळ्यांची वाक्यं गुजराती लिपीत उतरवून घेतली होती. प्रॉम्प्टिंग तिच्याकडेच होतं.

नाटुकलं आम्हीच मिळून रचलं होतं, छोट्या गाडीवर. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ मध्ये, डभोई ते मियागाम ही, रुळांमध्ये अडीच फूट अंतर असलेली गाडी सुरू झाली. भारतातली ती पहिली नॅरोगेज. सुरुवातीला ती बैल ओढत. वाफेचं इंजिन नियमित धावू लागलं १८७३ मध्ये. मुलांना हे बैल फार आवडले.

ही गोष्ट सांगायची होती फिटरकाकांनी. वय ७६, सगळी नोकरी प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. नऊ वाक्यांचं भाषण. पाच आठवडे झाले तरी तिसऱ्या वाक्याला, बैलांपाशी, गाडी थांबायची. घरी रोज रात्री सूनबाई पाठांतर घ्यायच्या. घरी यायचं, इथे यायचं नाही.

प्रयोगाला आठ दिवस उरले होते. त्या रविवारी मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, हे भाषण वाटून घेऊया का? थोडं अकरावीतल्या मुलाला देते." त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली. "तुम्ही म्हणाल तसं, ताई." आणि खुर्चीत जाऊन बसले.

मधल्या सुट्टीत कोणीतरी शेवउसळ आणली होती. मुलं खाताखाताच जमिनीवर सुतळीचे रूळ घालत होती. काका बघत होते. एकदम उठले.

"अरे, ही मीटरगेज झाली! रूळ फार लांब पडले."

मी सवयीनं "काका, बसा" म्हणणार होते. म्हटलं नाही, ते बरं झालं. ते उकिडवे बसले आणि सुतळीवर हात ठेवला. "माझी वीत बरोबर नऊ इंचांची. तीन विती आणि चार बोटं. झाले अडीच फूट." मग सुतळी सरकवत बोलत राहिले: रूळ इतके जवळ का, त्यात खर्च कसा वाचायचा, बैल कुठे जुंपायचे, इंजिन कधी आलं. मुलं उष्ट्या हातांनी भोवती बसली होती.

प्रॉम्प्टिंग करणारी ती मुलगी वही घेऊन माझ्याजवळ आली. "ताई, काका नऊच्या नऊ वाक्यं बोलले. दोनच शब्द वेगळे होते."

मला तेव्हा फार लाज वाटली. अमेरिकेत एल्महर्स्ट इथल्या हेल्गा आणि टोनी नॉइस या दोघा संशोधकांचं काम मी वाचलेलं होतं. नट वाक्यं घोकत नाहीत, ते वाक्य कोणाला आणि कशासाठी म्हणायचं हे धरून ठेवतात, असं ते सांगतात. त्यांनी ज्येष्ठांना चार आठवडे नाट्यप्रशिक्षण दिलं, तर त्यांच्या शब्द आठवण्यात आणि प्रश्न सोडवण्यात सुधारणा दिसली. तो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मी ते मुलांसाठी वापरत होते. मुलांना प्रत्येक वाक्याला हालचाल, हातात वस्तू, समोर कोणीतरी. ज्येष्ठांना मात्र खुर्ची, मोठ्या अक्षरातला कागद आणि "दमू नका हं". काळजीपोटीच केलं, पण जी गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त हवी होती, तीच मी काढून घेतली होती.

त्या संध्याकाळी सातही जणांच्या हालचाली नव्यानं बसवल्या. एका आजींना गुडघ्यांमुळे खुर्ची लागतेच. त्यांच्या हातात निवडायला तांदळाचं ताट दिलं. पाचच ओळींचं त्यांचं काम, पण ते ताट हातात आल्यावर त्यांची नजर कागद शोधेनाशी झाली. काकांचं भाषण पूर्णच्या पूर्ण काकांकडे परत गेलं. अकरावीतला मुलगा बैल झाला, आणि खूश होता.

प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या वाक्याला काका थांबले. मी विंगेत मुलीच्या शेजारीच उभी होते. वही उघडी होती, बोट बरोबर त्या ओळीवर. तिनं वाक्य दिलं नाही. सुतळीकडे हात दाखवला. काका खाली वाकले आणि वीत टाकायला लागले.