वाया जाणाऱ्या पाण्याची एक बादली

आज रविवार असल्याने दोन्ही मुलांना सोबत घेऊन घरातले वाया जाणारे पाणी मोजायचे ठरवले. लातूरच्या आमच्या घरी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून जे पाणी थेट मोरीत जाते, त्याखाली सकाळी बादली लावली. दुपारी ती भरून वाहू लागली तेव्हा धाकटीने विचारले, "बाबा, हे रोज असंच जातं?" २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण आटल्यामुळे ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात राहून तिला 'हो' म्हणताना मला फार जड गेले.

या पाण्यात क्षार जास्त असतात, त्यामुळे ते कुंड्यांना न घालता फरशी पुसायला आणि संडासात वापरायचे ठरले. डाळ-तांदूळ धुतलेले पाणी मात्र कढीपत्त्याला जाईल.

मग आईच्या जुन्या रांजणातले खत चाळले. मागच्या महिन्यात त्याला आंबट वास सुटला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "अरे, नुसतं ओलं टाकशील तर कुजंल, वाळका पाला घाल." त्याप्रमाणे भाजीच्या देठांवर पाल्याचा थर देऊन आठवड्यातून दोनदा ते हलवत गेलो आणि आज हातात आले ते काळे, भुसभुशीत खत, ज्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास होता. थोरल्याने ते स्वतःच्या हाताने मेथीच्या वाफ्यात पसरले.

रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठले झाले. बादलीचा हिशेब आता धाकटी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिणार आहे.