एडिटिंग झालं, पण डीव्हीडी अजून बाकीच आहे

एडिटिंग संपलं, एमपी४ फाइल तयार झाली, की बरेच जण ती तशीच रिकाम्या डिस्कवर ड्रॅग करतात आणि बर्न दाबून मोकळे होतात. काही प्लेअरवर ती चालतेसुद्धा, तिथेच घोळ होतो! कारण ती झाली डेटा डिस्क. साध्या डीव्हीडी प्लेअरला व्हिडिओ_टीएस नावाचं फोल्डर लागतं आणि आत व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइली. व्हीओबीत खरा व्हिडिओ आणि आवाज, आयएफओत मेनू कुठे, चॅप्टर कुठून सुरू होतो ही माहिती आणि बीयूपी म्हणजे आयएफओची जादा कॉपी, मूळ फाइल वाचता नाही आली तर असू दे म्हणून.

हे सगळं बनवण्याला ऑथरिंग म्हणतात आणि आजकालचे बरेच एडिटर त्या भानगडीतच पडत नाहीत. दाविंची रिझॉल्व्हमध्ये शोधत बसू नका, मिळणार नाही. अडोबीचं एन्कोर होतं, तेही सीएस६ नंतर बंद झालं. फुकटात हवं तर डीव्हीडीस्टायलर आहे, दिसायला जुनाट पण काम चोख करतं.

आता एक्सपोर्ट. डीव्हीडीवर व्हिडिओ शेवटी एमपेग-२ च होणार, म्हणजे तुमची फाइल परत एकदा कॉम्प्रेस होणार, त्यामुळे एडिटरमधून आधीच पिळून काढलेली छोटी फाइल देऊ नका, चांगल्या बिटरेटची (म्हणजे सेकंदाला जास्त डेटा असलेली) मोठी द्या. टीव्हीची दोन स्टँडर्ड आहेत, पाल आणि एनटीएससी: शूट सेकंदाला २५ फ्रेमचं असेल तर पाल, म्हणजे ७२० बाय ५७६ पिक्सेल, आणि ३० चं असेल तर एनटीएससी, ७२० बाय ४८०. फक्त समोरच्याचा प्लेअर आणि टीव्ही ते घेतो का एवढं बघा. ३० चं उगाच २५ करायला गेलात की कॅमेरा आडवा फिरतो तिथे चित्र झटके खातं. आणि १६:९ ची सेटिंग विसरू नका, कारण ४:३ असो की १६:९, पिक्सेल तेवढेच असतात, फरक फक्त प्लेअरला दिलेल्या खुणेचा, ती चुकली की सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात (काहींना आवडेल म्हणा).

फोर-के मध्ये झकास दिसणारी बारीक अक्षरं डीव्हीडीवर पार विरघळतात. टायटल जाड आणि मोठं ठेवा, कडेला चिकटवू नका, जुने टीव्ही कडा कापतात.

बिटरेटचं गणित सोपं आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, विंडोज तेच ४.३८ दाखवतं, फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी. दोन तासांचा व्हिडिओ असेल तर सगळं मिळून सेकंदाला साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, ठीकठाक दिसतं. तासाभराचा असेल तर ८ पर्यंत बिनधास्त जा. व्हिडिओची कमाल मर्यादा ९.८ आहे पण तिथवर ताणू नका, बर्न केलेल्या डिस्कवर काही प्लेअर अडखळतात. आवाज ४८ किलोहर्ट्झ, एसी३ (डॉल्बीचा फॉरमॅट) मध्ये. तीन तास एकाच डिस्कवर कोंबायचा हट्ट असेल तर ८.५ जीबीची ड्युअल लेअर (दोन थरांची डिस्क) घ्या नाहीतर सरळ दोन डिस्क करा, मी दोन करीन.

मेनूमागे सारखं वाजणारं म्युझिक कृपया नको, लोक रिमोट शोधेपर्यंत ते दहा वेळा वाजतं.

आणि थेट बर्न करू नका, आधी आयएसओ (म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल) बनवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनूचं प्रत्येक बटण दाबून बघा, मगच इमजीबर्न या बर्निंग सॉफ्टवेअरने मध्यम स्पीडला बर्न करा आणि व्हेरिफायची (बर्न झालेलं तपासून बघायची) टिक ठेवा. आयएसओ डिलीट करू नका, एक कॉपी दिली की लोक अजून चार मागतातच.