माशीचं आडनाव

कोथिंबीर फुलावर आली, म्हणून कुंडी काढून टाकणार होते. तेवढ्यात त्या पांढऱ्या तुऱ्यांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी हवेत दोऱ्याने टांगल्यासारखं थबकलेलं दिसलं. मधमाशी समजून मी मोबाइल सरसावला. फोटो मोठा करून पाहिला आणि माशी शिंकली. शब्दशः! मिशा अगदीच आखूड, डोळे मात्र डोकंभर, आणि पंख दोनच. मधमाशीला चार असतात. ही साधी माशी, मधमाशीच्या वेषात. डंख नाही की विष नाही, नुसता पट्ट्यांचा दरारा.

"काय गं, सकाळपासून माशा मारतेयस का?" आईने आतून विचारलं.

"मारत नाही, ओळखतेय."

हे ओळखणं मात्र चेहरा पाहून होत नाही. मी हौसेने समोरून फोटो काढायचे. जाणकार विचारायचे, पंखाचा आहे का? या माशांच्या पंखात शिरेसारखी दिसणारी एक जास्तीची रेघ असते. ती कुठेच जाऊन मिळत नाही, मध्येच विरते. ती दिसली की कुळ पक्कं, सिर्फिडी. एवढ्या ऐटबाज सोंगाचा पुरावा म्हणजे एक खोटी शीर!

पुढचं अवघड. जगात माशी-डासांच्या दीड लाखाहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. कचऱ्याच्या डब्यावरची ती करडी माशी घ्या. पाठीवर काळे पट्टे, पोटावर बुद्धिबळाचा पट. सार्कोफागा एवढं गटाचं नाव सांगून मोकळं व्हावं, तर नेमकी जात सांगायला बहुधा नराचं जननेंद्रियच सूक्ष्मदर्शकाखाली न्यावं लागतं. मोबाइलमधलं ॲप मात्र बेधडक नाव सुचवतं, आणि आपण मक्षिकास्थाने मक्षिका करत ते उतरवून घेतो. मीही घेतलीत. नंतर गुपचूप खोडलीत.

आता आडनावावर थांबायची सवय लागली आहे.

काल तो फोटो आईला दाखवला.

"नाव काय हिचं?"

"आडनाव सिर्फिडी. नाव नाही कळलं. पण हिचं नव्हे, ह्याचं. डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेत, म्हणजे नर. यांच्यातल्या कितीतरींच्या अळ्या झाडांवरची मावा कीड खातात."

आईने चष्मा सावरून पुन्हा पाहिलं.

"मग राहू दे ती कुंडी. धणे तरी धरतील."