कर्ज नंतर, आधी पैसे ठेवायला जागा

मायक्रोफायनान्सचा, म्हणजे गरिबांसाठी छोटी कर्जं आणि बचतीची सोय करण्याचा, विषय निघाला की लोक थेट कर्जावरच येतात, किती बायकांना किती लोन दिलं वगैरे. मला मात्र वाटतं गरीब बाईला आधी पैसे ठेवायला जागा हवी असते.

म्हसवडचंच बघा ना. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, कायमचा दुष्काळी. तिथे समाजकार्य करणाऱ्या चेतना गाला सिन्हांकडे रस्त्याकडेला लोहारकाम करणारी एक बाई आली, तिला कर्ज नको होतं, थोडे थोडे पैसे साठवून पावसाळ्याआधी डोक्यावर प्लास्टिकचा कागद टाकायचा होता, आणि तेवढ्याशा पैशांचं खातं उघडायला बँक तयार नव्हती! मग बायकांनी स्वतःचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने अर्ज नाकारला, कारण कितीतरी जणींचे सहीच्या जागी अंगठे. तर या बाया दिवसभर राबून आल्यावर लिहायवाचायला शिकायला बसल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या, म्हणाल्या आमच्या लहानपणी शाळाच नव्हती त्यात आमचा काय दोष, पण हिशोब येतो आम्हाला, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमचे साहेब कॅल्क्युलेटर न घेता आमच्याआधी सांगतात का बघू. १९९७ ला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हे आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो.

आमच्या आईचा बचत गट बारा जणींचा. महिन्याला शंभर रुपये, कर्जाला शेकडा दोन रुपये व्याज, पण ते व्याज गटातच राहतं, सावकाराच्या घरी जात नाही. आईने पहिली दोन वर्षं नुसतं साठवलं, मग शिलाई मशीनसाठी घेतलं आणि ब्लाउज शिवून फेडलं. याउलट आमच्याच गल्लीत एकीने तीन कंपन्यांचं कर्ज घेतलं, एकीचा हप्ता भरायला दुसरीचं, दर आठवड्याला दारात वसुलीवाला, तिची झोप उडालेली मी बघितलीय. कर्ज सगळं सारखं नसतं हो, कमाई सुरू व्हायच्या आत हप्ता सुरू झाला की बाई बुडते.

आणि घरात पैसा दिसला की तो कोणीतरी मागतंच, बहुतेक वेळा नवराच. म्हणून आईचं गटाचं पासबुक आजही शेजारच्या काकूंकडे असतं, आणि काकूंचं आमच्या तांदळाच्या डब्यात.