तुम्ही विचारलंत म्हणून: क्लब असताना असोसिएशन कशाला?

मुलगी एअर पिस्तूल मारायला लागून दोन-तीन महिने झाले की पालक हमखास विचारतात, "क्लबची फी भरतो, सरही चांगले आहेत. मग ही जिल्हा असोसिएशन वेगळी कशाला?" पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा नेमबाजी असोसिएशनचं काम मी बरीच वर्षं बिनपगारी करतोय. प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

एका स्पर्धेची गोष्ट सांगतो. सकाळी पहिल्या डिटेलच्या, म्हणजे नेमबाजांच्या पहिल्या तुकडीच्या, आधी पिस्तुलांची तपासणी चालू होती. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो. पिस्तूल कॉक करायचं, नळी सरळ वर धरायची, ट्रिगरला वजन अडकवायचं आणि अलगद उचलायचं. वजन उचललं गेलं तर पास. ट्रिगर सुटला तर नापास. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका मुलीचा ट्रिगर वजन टेबलावरून उठायच्या आतच सुटला. तिच्या सरांनी घाईघाईनं ॲलन-कीनं स्क्रू आवळला आणि दुसऱ्यांदा पिस्तूल पास झालं. पण तिचं बोट सहा महिने हलक्या ट्रिगरला सरावलेलं. सरावात दहा गोळ्यांना 92-93 करणारी मुलगी, तिची पहिली सीरिज, म्हणजे पहिल्या दहा गोळ्या, 81 ची गेली. शेवटची गोळी मारून तिनं पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत सेफ्टी फ्लॅग घातला, पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि कितीतरी वेळ टार्गेटकडे बघत उभी राहिली.

तिच्या सरांची यात काय चूक? त्यांच्याकडे तपासणीचं वजनच नव्हतं. आठ-दहा मुलांच्या क्लबनं छर्रे आणायचे, टार्गेटचे कागद आणायचे की ही वजनं विकत घ्यायची? त्या वर्षी आम्ही तीन संच घेतले आणि क्लबांमध्ये आळीपाळीनं फिरवायला लागलो. माझ्या मते असोसिएशनचं खरं काम हेच आहे. एकट्या क्लबला जे झेपत नाही, ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं आणि शेवटच्या क्लबापर्यंत पोचवायचं.

दुसरी गोष्ट गुणांची. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. कागदी टार्गेटवर छर्रा रेषेला लागलाय की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. भोकात गेज, म्हणजे मापाची खुंटी, घालून भिंगातून बघावं लागतं. क्लबात सर मायेपोटी नऊचा दहा देतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण राज्य स्पर्धेला कोण जाणार हे ठरवताना पाच क्लबांच्या मुलांचे गुण एकाच हातानं, एकाच गेजनं मोजले गेले पाहिजेत. त्यासाठी शिकलेले रेंज ऑफिसर आणि ज्युरी लागतात. ते तयार करायचं काम असोसिएशनचं.

जिल्ह्यातून राज्य आणि तिथून राष्ट्रीय, अशी ही वाट जाते. नॅशनल रायफल असोसिएशन 1951 साली उभी राहिली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकारानं. त्यांच्याच नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर लागते.

खरी कसोटी मात्र स्पोर्ट पिस्तुलाला, म्हणजे काडतुसाच्या .22 पिस्तुलाला लागते. दहा मीटरची एअर रेंज एखाद्या शाळेच्या हॉलमध्येही बसते. पंचवीस मीटरची .22 रेंज तशी बसत नाही. तिथं गोळी अडवणारी भक्कम भिंत हवी, शस्त्रं कुलपात ठेवायची जागा हवी, परवाने आणि काडतुसांची नोंदवही हवी, पोलिसांची परवानगी हवी. शिवाय टार्गेट वळवणारी यंत्रणा हवी, कारण 60 गोळ्यांतल्या निम्म्या रॅपिडच्या, म्हणजे झटपट मारायच्या असतात. टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि सात सेकंद पाठ फिरवतं. त्या तीन सेकंदांत खाली धरलेला हात वर न्यायचा आणि एकच गोळी मारायची. ही यंत्रणा नसेल तर हा खेळ शिकवणार कसा? परवान्याचं वय साधारण 21, आणि मुली शिकायला येतात चौदा-पंधराव्या वर्षी. तोवर त्यांच्या हातात येणारं पिस्तूल संस्थेचंच असतं.

कोल्हापूरची नेमबाज राही सरनोबत हिनं 2013 साली चांगवॉनच्या विश्वचषकात आणि 2018 साली जकार्ता-पालेंबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते याच पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात. पालेंबांगला निकाल शूट-ऑफवर, म्हणजे बरोबरी झाल्यावर मारायच्या जादा गोळ्यांवर गेला होता. तो बघताना आमच्या ऑफिसात कुणी खुर्चीवर बसलेलं नव्हतं.

आता एक कडू गोष्ट. परवान्यासाठी लागणारं शिफारसपत्र म्हणजे आपण केलेले उपकार, असं समजणारे पदाधिकारीही मी पाहिलेत. एका मुलाचं पत्र असंच महिनाभर टेबलावर पडून राहिलं आणि त्याचा मोसम गेला. त्या पालकांचा राग मला आजही पटतो. पत्र मुलाच्या हक्काचं असतं. आता आमच्याकडे अर्ज आल्याची तारीख रजिस्टरात लिहितात, आणि सात दिवसांत पत्र गेलं नाही तर कारणही लिहावं लागतं.

त्या मुलीचं विचारलंत तर, ती अजून खेळते. वजनांचा एक संच सध्या तिच्याच क्लबात आहे. शनिवारच्या एसटीनं तो पुढच्या गावी जाईल, आणि डबा तीच स्टँडवर आणून देणार आहे.