चांदीच्या नाण्यावर देव कशाला?

रोमन नाण्यांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: "हे लोक इतके देवभोळे होते का हो? जिकडे बघावं तिकडे देव नाहीतर देवी!" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

श्रद्धा होतीच. इ.स.पू. 211च्या सुमारास, रोमचा शत्रू, कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, रोमने देनारियस हे चांदीचं नाणं काढलं. वजन साधारण साडेचार ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसऱ्या बाजूला घोडे उधळत निघालेले कॅस्टर आणि पोलक्स. हे जुळे देव पूर्वी एका लढाईत रोमच्या मदतीला धावून आले होते, अशी कथा होती. अशा संकटात तेच देव नाण्यावर यावेत, याला मी प्रार्थनाच म्हणेन.

पुढे मात्र देवांच्या आडून घराणी बोलू लागली. टाकसाळ साधारणपणे तिघा तरुण अधिकाऱ्यांच्या हाती असे. राजकारणात नुकते उतरलेले हे तरुण नाण्यावर आपल्या कुळाची थोरवी कोरू लागले. पोम्पोनियस मूसा या अधिकाऱ्याने तर नावाशी नाव जुळतं म्हणून सगळ्या म्यूझ देवतांची, म्हणजे कला-विद्यांच्या देवींची, मालिकाच काढली. ही नाणी मला फार प्रिय आहेत. त्रिशूळ दिसला की आपण शंकर ओळखतो, तशी इथे मुखवट्यावरून थालिया ओळखायची, गोलावरून युरेनिया. ज्युलियस सीझरचं कुळ तर थेट व्हीनस देवीपासून सुरू झालेलं, असा त्या घराण्याचा दावा. म्हणून त्याच्या नाण्यांवर व्हीनस.

आणि ब्रूटस! इ.स.पू. 54च्या सुमारास टाकसाळीचा अधिकारी असताना त्याने स्वातंत्र्यदेवता लिबर्टास कोरली. मागच्या बाजूला राजांना हाकलून देणारा त्याचा पूर्वज. दहा वर्षांनी सीझरने जिवंतपणी स्वतःचा चेहरा रोमच्या नाण्यावर आणला. तोवर तिथे असं कुणी केलं नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा खून झाला, आणि मारेकऱ्यांत ब्रूटस होता.

त्यानंतर सैन्यासोबत फिरताना ब्रूटसने जे नाणं पाडलं, त्यावर चेहरा आहे ब्रूटसचाच. मागे दोन खंजीर आणि मधे गुलामाला मुक्त करताना घालायची टोपी. ही टोपी म्हणजे लिबर्टासची खूण. देवी तिथेही आहे असं मला वाटतं. तिच्या चेहऱ्याची जागा मात्र ब्रूटसने घेतली आहे.