भावाचा तुरुंगातून दावा आणि एका सहीसाठी अडलेला खातेउतारा

अमेरिकेत फेडरल (केंद्रीय) कोर्टात नागरी दावा लावणाऱ्या कैद्याला कोर्टाची फी माफ होत नाही, हे आधीच सांगून टाकते. बाहेरच्या गरीब माणसाचा फीमाफीचा अर्ज मंजूर झाला की त्याला फी भरावी लागत नाही. कैद्याला मात्र 1996 च्या कायद्यापासून पूर्ण 350 डॉलर भरावेच लागतात. सवलत एवढीच की हप्त्याने. दावा फेटाळला गेला तरी ही बाकी सुटत नाही.

माझ्या धाकट्या भावाला मधुमेह आहे. तुरुंगात इन्शुलिन वेळेवर मिळेना, म्हणून त्याने फेडरल कोर्टात नागरी हक्कांचा दावा लावला. तुरुंगातल्या तुरुंगात करायची तक्रार आणि तिचं अपील आधी पूर्ण केलं होतं. त्याशिवाय दावा टिकत नाही. फॉर्म त्याने स्वतः हाताने भरला. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते खातेउताऱ्यावर. हप्त्याच्या सवलतीच्या अर्जाला कैद्याच्या तुरुंगातल्या खात्याचा मागच्या सहा महिन्यांचा उतारा लागतो, तोही तुरुंगाच्या अधिकाऱ्याने प्रमाणित केलेला आणि त्या काळात जिथे जिथे ठेवलं असेल त्या प्रत्येक ठिकाणचा. भाऊ आधी काउंटी (जिल्हा) जेलमध्ये होता, मग त्याला राज्याच्या तुरुंगात हलवलं. नव्या ठिकाणचा उतारा लगेच मिळाला. जुन्या जेलचा हिशेब विभाग मला फोनवर सांगे, "कैद्यानेच मागायला हवा." त्याने पत्र लिहिलं, तर उत्तरच नाही. पुन्हा लिहिलं, तर "हा आता आमच्याकडे नाही" असा शेरा मारून चिठ्ठी परत. शेवटी एक छापील कागद आला. त्यात साबण, नूडल्स, फोनचे पैसे सगळं सेंटपर्यंत मांडलेलं, आणि खाली सहीची जागा कोरी! तोवर कोर्टाचा आदेश आलेला: 30 दिवसांत पूर्तता करा, नाहीतर दावा निकाली. ज्याच्या सहीवाचून माझ्या भावाचा दावा बुडणार होता, त्याला त्याचं काहीच नव्हतं. आजही आठवलं की संताप येतो.

भावाने हातानेच मुदतवाढीचा अर्ज लिहिला आणि आधीच्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या प्रती जोडल्या. मुदत मिळाली. त्या आदेशाची प्रत जेलला गेल्यावर मात्र सही झाली. म्हणून प्रत्येक कागदाची तारखेसह प्रत ठेवा, आणि तुरुंग बदलला असेल तर दावा लिहायला घेण्याआधीच जुना उतारा मागवा. घरच्यांनी कागद जमवावेत, धीर द्यावा. वकील नसाल तर सही मात्र कैद्याचीच लागते.

पैशांचं राहिलंच. सहा महिन्यांत खात्यात दरमहा सरासरी जेवढी रक्कम जमा झाली किंवा शिल्लक राहिली, त्यातली जी मोठी तिचे 20 टक्के हा पहिला हप्ता. आपण कँटीनसाठी पाठवलेले पैसेही त्यात धरतात. खातं रिकामंच असेल तर त्या कारणाने दावा अडवता येत नाही. दोन दावे असतील तर दर महिन्याला दोन्हींचे 20-20 टक्के एकाच वेळी कापतात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये तसंच ठरवलंय. आणि तीन दावे निराधार म्हणून फेटाळले गेले की पुढे हप्त्याची सोयही जाते, गंभीर शारीरिक इजेचा तातडीचा धोका असेल तरच मिळते.

भावाचा हप्त्याचा अर्ज मंजूर झाल्याने समन्स मार्शलनी (फेडरल कोर्टाच्या अधिकाऱ्यांनी) बजावलं, त्याचा खर्च आमच्यावर आला नाही. उरलेल्या फीसाठी त्याच्या दर महिन्याच्या जमेतून 20 टक्के कापले जातात. त्याच्या हातात 100 डॉलर राहावेत म्हणून मी आता 125 पाठवते.